मुलांच्या पुढ्यात रांबुतान ठेवा : सिंगापूरमधल्या मराठी पालकांना आणि कार्यकर्त्यांना खुले पत्र

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांना आणि इथले सणसमारंभ उभे करणाऱ्या सर्व कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव आला की आपल्याकडे मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात. त्या भरवणाऱ्यांची धावपळ मी जवळून पाहिली आहे. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी कागद मोजत बसणारी, स्वतःच्या पैशाने रंगपेट्या आणणारी, रुसलेल्या मुलाची समजूत काढणारी ही माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हे पत्र त्या आदरापोटीच लिहिते आहे. माझी विनंती अशी की यंदा स्पर्धेचे विषय बदला, आणि स्पर्धेच्या आधी मुलांना नॅशनल गॅलरी या इथल्या कलासंग्रहालयात नेऊन जॉर्जेट चेन या चित्रकर्तीची चित्रं दाखवा.

मी महाराष्ट्रात शाळेत चित्रकला शिकवली. तुमच्यातल्या अनेकांनी लहानपणी शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या असतील, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. त्यात वस्तुचित्राचा पेपर असे आणि स्मरणचित्राचा असे. वस्तुचित्राला समोर तांब्या, पुठ्ठ्याचा खोका, एखादं फळ मांडलेलं असायचं आणि जे दिसतं ते काढायचं. स्मरणचित्राला बाजार, बसस्टॉप, पतंग उडवणारी मुलं असा काहीतरी प्रसंग असायचा. पूर्वी डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं. दोन्ही पेपरांत पाहणारे डोळे त्या मुलाचेच असत.

आता इथले आपले विषय बघा. ‘माझं गाव’, ‘पंढरीची वारी’, ‘शेतकरी दादा’, ‘गावाकडची दिवाळी’. पुंगोल किंवा जुराँग अशा इथल्या शहरी वस्तीत वाढलेलं आठ वर्षांचं मूल या विषयावर काय काढणार? ते दोन डोंगर काढतं, मधून उगवणारा सूर्य काढतं, नदी, झोपडी आणि एक नारळाचं झाड. यातलं काहीच त्याने पाहिलेलं नाही. हे वस्तुचित्र नव्हे आणि स्मरणचित्रही नव्हे, कारण ते स्मरण त्याचं नाही. ते त्याच्या आईबाबांचं, बहुतेक वेळा आजीआजोबांचं स्मरण आहे, आणि मूल ते आपल्याला बरं वाटावं म्हणून काढून देतं. आपण त्याला बक्षीस देतो, आणि पुढच्या वर्षी सगळी मुलं तेच डोंगर काढतात.

याच सिंगापुरात एक बाई राहून गेल्या, ज्यांनी परक्या देशात आल्यावर आधी समोरचं फळ नीट पाहिलं. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गॅलरीत चित्राशेजारच्या चार ओळींच्या पाटीवरून तुम्हाला त्यांची पुरती ओळख होणार नाही.

जॉर्जेट चेन यांचा जन्म १९०६ चा, चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या कुटुंबातला. वडील झांग जिंगजियांग हे श्रीमंत व्यापारी. चिनी पुराणवस्तू पॅरिसमध्ये विकणं हा त्यांचा मोठा धंदा होता आणि त्या पैशातून त्यांनी चीनमधली राजेशाही संपवणाऱ्या सन यत-सेन यांच्या क्रांतीला भरघोस मदत केली. मुलगी पॅरिस, न्यूयॉर्क आणि शांघाय या तीन शहरांत वाढली. फ्रेंच आणि इंग्रजी तिच्या जिभेवर होत्या. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये ती शिकली, पण मन रमलं नाही आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला परतली. तिथे अकादमी कोलारोस्सी आणि अकादमी बिलूल या दोन ठिकाणी शिक्षण झालं. १९३० मध्ये पॅरिसच्या ‘सालों दोतोन’ या मानाच्या वार्षिक प्रदर्शनात तिचं काम लागलं. आपली अमृता शेर-गिल त्याच सुमारास त्याच शहरात चित्रकला शिकत होती, हे मराठी वाचकाला सहज आठवावं.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वडील चीनमधली जुनी भांडी आणि मूर्ती युरोपला विकत होते. मुलीला त्या वारशाचा आयता फायदा होता. चिनी मुलगी, चिनी विषय, चिनी पद्धतीची शाई आणि कुंचला असं काही केलं असतं तर पॅरिसमध्ये गिऱ्हाईक मिळायला अडचण पडली नसती. तिने तैलरंग धरले आणि सीन नदीकाठची घरं, खोलीतल्या टेबलावरची सफरचंदं असे विषय निवडले, म्हणजे जिथे राहत होती तिथलेच.

१९३० मध्येच त्यांनी यूजीन चेन यांच्याशी लग्न केलं. यूजीन चेन यांचा जन्म १८७८ चा, त्रिनिदादमधला. व्यवसायाने वकील. १९२६-२७ च्या काळात ते चीनच्या राष्ट्रवादी सरकारचे परराष्ट्रमंत्री होते आणि हानकौ इथली ब्रिटिशांची वसाहत वाटाघाटी करून परत मिळवण्यात त्यांचा मोठा हात होता. गंमत अशी की चीनच्या वतीने इतक्या तडफेने भांडणाऱ्या या माणसाला चिनी भाषा येत नव्हती. त्रिनिदादच्या शाळेत त्यांना इंग्रजीच मिळाली होती. दोघांच्या वयात २८ वर्षांचं अंतर. तरी हे लग्न सुखाचं झालं. त्यांनी नवऱ्याची अनेक व्यक्तिचित्रं काढली आणि ती पाहताना कळतं की समोर बसलेला माणूस शांतपणे, काढणाऱ्यावर विश्वास टाकून बसला आहे.

मग युद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग जपानच्या ताब्यात गेलं. चेन दांपत्य तिथे अडकलं, पकडलं गेलं आणि पुढे शांघायला नजरकैदेत ठेवलं गेलं. मे १९४४ मध्ये यूजीन चेन त्या नजरकैदेतच वारले. जॉर्जेट चेन त्या काळातही चित्र काढत राहिल्या. बाहेर जाता येत नव्हतं, तेव्हा घरातल्या वस्तू होत्या.

त्यानंतर साधारण १९४६ मध्ये त्यांनी एक स्वतःचं चित्र काढलं. ते आज नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. आकाराने अगदी लहान, शाळकरी वहीच्या पानाएवढंच म्हणा. उंच गळपट्टीचा पोशाख, मागे घेतलेले काळे केस, मिटलेले ओठ आणि तिरकी नजर. चित्रात दागिना नाही की पार्श्वभूमीला देखावा नाही. एवढं सगळं घडून गेलेल्या बाईने स्वतःकडे किती कोरड्या डोळ्यांनी पाहिलं आहे! मुलांना याच चित्रापुढे सर्वांत जास्त वेळ उभं करा. मोठ्या चित्रापुढे मुलं लांब सरकतात, लहान चित्राजवळ आपोआप जातात, आणि जवळ गेलं की कपाळावरचा आणि गालावरचा रंग निरनिराळा आहे हे त्यांचं त्यांना दिसतं. हेही सांगा की नॅशनल गॅलरी ज्या दोन जुन्या इमारतींत आहे त्यांपैकी एक म्हणजे सिटी हॉल, आणि १२ सप्टेंबर १९४५ ला इथल्या जपानी सैन्याच्या शरणागतीवर सह्या त्याच इमारतीत झाल्या. ज्या सत्तेने या बाईंना कैदेत ठेवलं, तिची शरणागती जिथे लिहून घेतली तिथे आज त्यांची चित्रं आहेत.

पुढची काही वर्षं अस्थिर गेली. १९४७ मध्ये दुसरं लग्न झालं. न्यूयॉर्क झालं, पुन्हा पॅरिस झालं, आणि १९५१ मध्ये त्या मलायातल्या पेनांगला आल्या. तिथे हान चियांग शाळेत शिकवू लागल्या. १९५३ मध्ये दुसरं लग्न मोडलं आणि त्या एकट्या सिंगापूरला आल्या. तेव्हा वय होतं सत्तेचाळीसच्या आसपास. १९५४ पासून नान्यांग अकादमी ऑफ फाइन आर्ट्समध्ये त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि १९८० पर्यंत शिकवलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या, डिपेंडंट पासवर राहणाऱ्या आणि ‘आता या वयात माझं काय व्हायचंय’ असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी ही वर्षं पुन्हा एकदा वाचावीत. चेनबाई श्रीमंत घरातल्या होत्या, त्यांना उत्तम शिक्षण मिळालं, हे खरंच. पण पेनांगच्या बंदरावर उतरल्या तेव्हा त्यांच्या मदतीला वडिलांची दुकानं नव्हती की पहिल्या नवऱ्याचं मंत्रिपद नव्हतं. हातात होतं ते चित्र काढणं आणि शिकवणं. आज त्यांची जी चित्रं सिंगापूर मिरवतं त्यातली बहुतेक या पंचेचाळिशीनंतरची आहेत.

आता चित्रांविषयी, कारण माझ्या विनंतीचं मूळ तिथे आहे.

चेनबाईंना कुणी इंप्रेशनिस्ट म्हणतं, अभ्यासक बहुधा पोस्ट-इंप्रेशनिस्ट म्हणतात; आपल्या समीक्षेत इंप्रेशनिझमला दृक्प्रत्ययवाद हा शब्द आहे. १८७४ मध्ये मोने हा फ्रेंच चित्रकार आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हापासून ही वाट सुरू होते. स्टुडिओतून बाहेर पडायचं, वस्तूचा ठरीव रंग विसरायचा आणि या घडीला या उजेडात ती कशी दिसते ते पकडायचं. सावली काळी नसते. ती निळसर असते, जांभळट असते, शेजारच्या वस्तूचा रंग तिच्यात उतरलेला असतो. रंग पॅलेटवर घोटून मळवण्याऐवजी शेजारी शेजारी ठेवायचे म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यात ते मिसळतात. पुढे सेझान या चित्रकाराने त्याच उजेडाला घट्ट आकार दिला. चेनबाईंच्या फळांच्या मांडणीत सेझान स्पष्ट दिसतो. टेबल थोडं आपल्याकडे कललेलं आहे, फळं गडगडतील असं वाटतं पण गडगडत नाहीत.

ही सगळी रीत युरोपातल्या तिरप्या, मऊ उजेडात तयार झाली. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर. दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, आकाश पांढरं. मग पाऊस येतो आणि अर्ध्या तासात सगळे रंग धुतल्यासारखे उजळ होतात. पॅरिसमध्ये शिकलेली पॅलेट, म्हणजे रंगांची निवड, इथे जशीच्या तशी चालणार नव्हती. त्यांची १९३० च्या आसपासची चित्रं आणि १९६० नंतरची चित्रं शेजारी ठेवून पाहा. आधीची तपकिरी-करडी, जड. नंतरच्यांत हिरवा, लाल, पिवळा मोकळे होतात, पार्श्वभूमी फिकी होते, चित्रात हवा येते. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचं सगळ्यात मोठं काम हेच. शिकलेलं टाकून न देता, या जागेच्या उजेडाला विचारून विचारून त्यांनी ते बदललं.

आणि विषय? रांबुतान, मँगोस्टीन, दुरियान ही इथली फळं. किनाऱ्यावरचे विक्रेते. साते भाजणारा मुलगा. क्वालालंपूरची मशीद. सिंगापूर नदीवरच्या होड्या आणि दुकानघरं. त्यांनी १९६५ मध्ये काढलेलं ‘स्वीट रांबुतान्स’ हे चित्र त्यांच्या उत्तम चित्रांपैकी एक. त्याच वर्षी ९ ऑगस्टला सिंगापूर स्वतंत्र झालं. पुढच्या वर्षी, साठीला टेकलेल्या असताना, त्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं. त्याआधीच त्या मलय भाषा शिकल्या होत्या आणि स्वतःसाठी त्यांनी चेंदाना, म्हणजे चंदन, असं मलय नाव निवडलं होतं.

त्यांच्या बरोबरीचे चिनी चित्रकार, लिउ कांग, चेन वेन शी, चेन चोंग स्वी आणि चोंग सू पियेंग, १९५२ मध्ये बालीला गेले आणि तिथल्या दृश्यांतून त्यांनी ‘नान्यांग शैली’, म्हणजे आग्नेय आशियाची शैली, म्हणून ओळखली जाणारी चित्रं काढली. ती चित्रं मोठी आहेत यात शंका नाही. पण बालीतल्या स्त्रियांकडे पाहणारी त्यातली नजर मला पाहुण्याची वाटते. चेनबाईंनी शेजारीपाजारी पाहिले, विद्यार्थी पाहिले, मंडईतली टोपली पाहिली. त्यांची चित्रं रोजच्या ओळखीतून आलेली आहेत, आणि स्थलांतरित माणसाच्या घरात वाढणाऱ्या मुलांना ही नजर मिळावी असं मला वाटतं.

यावर तुमच्यापैकी काही जण काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण समोरासमोर बोलताना ते म्हणाले आहेत. ‘इथलं तर मुलं रोजच बघतात. आपण वर्षातून चार वेळा जमतो ते आपली संस्कृती टिकवायला. तिथेही रांबुतानच काढायचं तर मराठीपण कुठे राहिलं?’

ही काळजी खरी आहे आणि मी ती हलकी समजत नाही. इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही. आपली मुलं हिंदी नाहीतर तमिळ घेतात. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, खाली खेळायला गेलं की सिंग्लिश, म्हणजे इथली मिश्र इंग्रजी, आणि मित्रांकडून उचललेले चार मँडरिन शब्द. मराठी टिकवायला रविवारी जे वर्ग चालवतात त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण ‘इथलं मुलं रोजच बघतात’ हे म्हणणं मला पटत नाही. ती त्याच्या शेजारून जातात. वेट मार्केटमधल्या, म्हणजे भाजी-मासळीच्या मंडईतल्या, आजीबाईच्या ट्रॉलीचा रंग कोणता, रांबुतानाचे केस टोकाला हिरवे की लाल, हे त्यांना विचारून पाहा. बऱ्याच जणांना सांगता येणार नाही, आणि त्यांच्या आईवडिलांनाही येणार नाही. ज्याला जवळचं पाहायची सवय नाही त्याला गावी नेलं तरी तिथलंही दिसत नाही. सुट्टीत कोकणात गेलेली आपली मुलं काय काढून आणतात? तेच दोन डोंगर.

दुसरं असं की चेनबाईंनी आपलं चिनीपण कुठे टाकलं नाही. त्यांच्या चित्रात मध्यशरद या चिनी सणाचं टेबल आहे, त्या सणाला खायचे मूनकेक आहेत. १९७० च्या सुमाराचं ‘लोटस इन अ ब्रीझ’ हे कमळांचं चित्र तैलरंगात आहे, पण वाऱ्याने वळलेल्या पानांच्या रेषा पाहताना चिनी कुंचल्याची शतकांची सवय जाणवते. त्यांनी ते मुद्दाम दाखवायला आणलेलं नाही. जे अंगात होतं ते समोरच्या गोष्टीकडे पाहताना आपोआप हातातून उतरलं. आपल्या मुलांच्या अंगातही बरंच काही आहे. आरतीचा ठेका आहे, आजीच्या हातची रांगोळी आहे, फोडणीचा वास आहे. त्यांना दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला गणपती काढू द्या. खिडकीच्या गजांमधून येणारा उजेड मखरावर कसा पडतो ते पाहू द्या. टेक्का मार्केटमधून आणलेल्या केळीच्या पानावर मोदकाशेजारी मँगोस्टीन ठेवलेलं असतं की नाही तुमच्या घरी? ते ताट पुण्यातल्या कुठल्याही मुलाला काढता येणार नाही. ते फक्त आपल्या मुलांचं आहे, आणि पूर्ण मराठी आहे.

मँगोस्टीनचा विषय निघालाच आहे तर सांगते. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं, रातांब्याचं सख्खं भावंडं म्हणावं इतकं जवळचं. सालीचा तो जांभळा रंग पाहिल्यावर कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. फळ उलटं केलं की बुडाशी एक लहानसं फूल कोरल्यासारखं दिसतं. त्याच्या पाकळ्या मोजायच्या. आत पांढऱ्या फोडी तेवढ्याच निघतात. ही गोष्ट मुलांना सांगून टाकू नका. फळ हातात द्या, दोन्हीकडून काढायला सांगा, मग कापा. पुस्तकात वाचलेलं मूल विसरेल, पण हे विसरणार नाही. आणि घरी गेल्यावर आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवेल, आजी रातांब्याच्या सालींना उन्हात कसं वाळवतात ते सांगेल. असं बोलणं ‘माझं गाव’ या विषयाने आजवर एकदाही घडवलेलं नाही.

मुलग्यांच्या पालकांना आणखी एक सांगायचं आहे. आपल्यातल्या अनेकांचे मुलगे पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, आहेत. अठराव्या वर्षानंतर ते दोन वर्षं नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेला, जातील, इथल्या मातीत खंदक खणतील. जो देश त्यांच्याकडून हे मागणार आहे, त्या देशातलं एक झाड, एक बाजार, एक चेहरा त्यांनी लहानपणी मन लावून काढलेला असावा, असं तुम्हाला वाटत नाही का? घर कुठे आहे हा प्रश्न ते आपल्याला विचारणारच आहेत. त्या वेळी त्यांच्याजवळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असायला हवं.

चेनबाईंना १९८२ मध्ये कल्चरल मेडॅलियन हा सिंगापूरचा कलाक्षेत्रातला मोठा सन्मान मिळाला. त्याच सुमारास संधिवाताने हात जखडायला लागले. १५ मार्च १९९३ ला त्या वारल्या. त्यांच्या पश्चात १९९४ मध्ये ५३ चित्रं इथल्या राष्ट्रीय संग्रहाला देण्यात आली. सिगलॅपमधलं त्यांचं घर विकून आलेला पैसा मलय समाजाच्या कल्याणासाठी आणि कलाकार्यासाठी गेला, आणि त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. चीनमध्ये जन्मलेली, फ्रेंच बोलणारी, चिनी अकादमीत शिकवणारी बाई आपलं घर शेजारच्या मलय माणसांसाठी ठेवून जाते. आपल्या निधीवाटपाच्या बैठकांत हे कुणीतरी एकदा मोठ्याने वाचून दाखवावं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते लिहिते.

गॅलरीत जायला नागरिकांना आणि पीआर असलेल्यांना सर्वसाधारण दालनांसाठी पैसे लागत नाहीत. मांडणी अधूनमधून बदलत असते, म्हणून त्यांची कोणती चित्रं सध्या लावलेली आहेत ते आधी विचारून घ्या. एका वेळी दहा-बारा मुलंच न्या. सगळी गॅलरी दाखवायची हौस टाळा. चेनबाईंची जेवढी चित्रं असतील तेवढीच पाहायची आणि बाहेर पडायचं. मुलांना त्यांच्या लग्नांच्या गोष्टी सांगत बसू नका. त्यांच्याबद्दल लिहिताना बोलताना वडील, मंत्री नवरा, कैद यातच लोक अडकून पडतात आणि चित्र पाहायचं राहून जातं. मी वर एवढं लिहिलं ते मोठ्यांसाठी. मुलांना चित्रासमोर विचारा: इथे किती प्रकारचे हिरवे आहेत? काळा रंग कुठे आहे का, शोधा. उजेड कुठल्या बाजूने येतोय? उत्तर चुकलं तर चुकू द्या, पुन्हा बघायला सांगा. कागद-पेन्सिल न्या, रंग नेऊ नका.

स्पर्धेच्या दिवशी विषय फळ्यावर लिहू नका. प्रत्येक चार मुलांमध्ये एक ताट ठेवा. हंगाम असेल तर रांबुतान, नाहीतर जे मंडईत मिळेल ते: ड्रॅगनफ्रूट, केळ्याचा घड, नारळ, जास्वंद, दूर्वा. मोदक हवाच असेल तर तोही ठेवा, खायचा मात्र नंतर. वेळ दीड तास द्या; आपण पाऊण तास देतो, त्यात मूल पाठ केलेलंच काढू शकतं. रंगपेटीतली काळी वडी आधीच काढून घ्या. सावली कशाने रंगवू म्हणून मुलं हैराण होतील, मग निळा घेतील, जांभळा घेतील, आणि एखादं मूल समोरच्या फळाचाच रंग सावलीत घेऊन दाखवेल. आईवडिलांना खोलीबाहेर बसवा. हे कठीण आहे, पण करा. मुलाच्या चित्रातला अर्धा हात आईचा असतो हे परीक्षकाला लगेच कळतं.

ज्यांना फळ काढायचं नाही अशा मोठ्या मुलांना शेजारी बसलेल्या मित्राचं व्यक्तिचित्र काढू द्या. आणि आजीआजोबा या वेळी इथे असतील, बरेचसे असतातच, तर त्यांना मधोमध खुर्चीवर बसवा आणि सांगा की दीड तास हलायचं नाही. नातवंडांनी आजोबांकडे इतका वेळ सलग पाहिलं, असं दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात घडेल?

बक्षिसांबद्दल माझं म्हणणं थोडं कडक आहे. स्वच्छ बाह्यरेषा, कागदभर रंग, रेषेबाहेर न गेलेला हात यासाठी पहिलं बक्षीस देणं थांबवूया. परीक्षकाने ताट आणि चित्र शेजारी ठेवून बघावं, आणि ज्या मुलाने ताटातली अशी एखादी गोष्ट काढली आहे जी परीक्षकाच्याही लक्षात आली नव्हती, त्याला बक्षीस द्यावं. वाकडं काढलेलं चालेल. सर्व चित्रं भिंतीवर लावावीत, निवडक नकोत. खाली मुलाने मराठीत दोन ओळी लिहाव्यात: मी काय पाहिलं आणि मला काय काढता आलं नाही. शुद्धलेखन तपासू नका. वर्गातल्या बाई ते नंतर पाहतील.

‘माझं गाव’ हा विषय कायमचा बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या मुलांनी सुट्टीत गावी जाऊन तिथल्या तिथे काही काढून आणलं असेल त्यांची चित्रं वेगळी मांडूया, आणि ती कुठे बसून काढली ते त्यांना विचारूया.

यंदा परीक्षक म्हणून मला बोलवायचा विचार असेल तर मी आनंदाने येईन. गॅलरीत मुलांबरोबर यायलाही तयार आहे, वारंवार यायला लागलं तरी. माझी अट एवढीच की ताटं मांडायला मला आदल्या संध्याकाळी येऊ द्यावं, आणि फळं त्या दिवशी सकाळी आणलेली असावीत.

आपली,
मुलीकडे येऊन सिंगापूरला राहिलेली एक निवृत्त चित्रकला शिक्षिका